बेंचवर बसून इंडियाच्या फुटबॉल टीमचा कॉल-अप (बोलावणं) येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कूपरेजला जा, परळच्या सेंट झेवियर्सला जा, नाहीतर बांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा ग्राउंडला, लाइनच्या बाजूला दोन मिनिटं उभं राहिलं की कोणीतरी हेच प्रश्न विचारतंच. कधी प्लेअर स्वतः, कधी त्याचे पप्पा, कधी नुसता मॅच बघायला आलेला माणूस. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. हे सगळं त्या प्लेअरसाठी आहे ज्याच्याकडे कॉन्ट्रॅक्ट आहे, जर्सीवर नाव आहे, पण मॅचमध्ये एकतर ८५व्या मिनिटाला येतो नाहीतर येतच नाही, आणि डोक्यात मात्र इंडियाची निळी जर्सी आहे.

मोठ्या क्लबच्या बेंचवर बसू की छोट्या क्लबमध्ये दर मॅच खेळू?

इंडिया खेळायचंय म्हणून विचारत असशील तर खेळ. घराचा ईएमआय आहे, बहिणीचं लग्न आहे म्हणून विचारत असशील तर मोठ्या क्लबचा पगार घे, त्यात लाज कसली. घोळ तिथे होतो जिथे माणूस थांबतो पैशासाठी आणि घरी सांगतो की सिलेक्शनसाठी थांबलोय, मोठा क्लब आहे, नजरेत राहतो वगैरे. कसला नजरेत राहतो? नॅशनल कोच मॅच बघतो, तुझ्या ट्रेनिंगला येऊन तू रोंडो (गोलात उभं राहून पास द्यायची प्रॅक्टिस) किती भारी खेळतोस ते बघत नाही.

पण मग मॅग्वायर कसा घेतला जायचा? बेल कसा?

हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा नेहमी असा विचारतो की जणू आता पकडलंच. २०२२-२३ मध्ये मॅग्वायर मँचेस्टर युनायटेडच्या बेंचवर होता तरी तेव्हाचा कोच साउथगेट त्याला इंग्लंडच्या टीममध्ये घेत होता, आणि बेल शेवटची वर्षं रियाल माद्रिदला फारसा खेळायचा नाही तरी वेल्सच्या टीममध्ये पहिलं नाव त्याचंच. बरोबर आहे सगळं. पण त्या दोघांनी आधी वर्षानुवर्षं आपल्या देशासाठी मोठ्या मॅच काढून दिल्या होत्या, कोचला त्यांच्याबद्दल नवीन काही शोधायचं नव्हतं. तुझी अजून पहिली कॅप, म्हणजे देशासाठी पहिली मॅच, यायचीय भावा.

आणि ते क्रेडिटपण संपतं बरं का. कॅल्विन फिलिप्स युरो २०२० ची फायनल स्टार्ट केलेला प्लेअर, २०२२ ला मँचेस्टर सिटीत गेला आणि बसला. इंग्लंडने त्याला बराच काळ सांभाळून घेतलं, शेवटी जानेवारी २०२४ ला तो वेस्ट हॅमला लोनवर (ठराविक काळासाठी उधार) गेला, पण दीड वर्ष न खेळलेल्या पायाने तिथे जमलंच नाही आणि युरो २०२४ ला तो घरी. म्हणजे खेळायला जायचं ते पाय गंजायच्या आधी.

नक्की किती मिनिटं खेळलं की बोलावतात?

असा आकडा कुठे लिहिलेला नाही, कोणी सांगत असेल तर फेकतोय. पण हिशोब करून बघ. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, आपली वरची लीग) १३ टीम होत्या, म्हणजे एका टीमच्या लीगच्या २४ मॅच, म्हणजे २,१६० मिनिटं. आता तू त्यातल्या २० मॅचमध्ये ८५व्या मिनिटाला आलास तर प्रोफाइलवर छान '२० मॅच' दिसतं, आई शेजारच्यांना सांगते, आणि प्रत्यक्षात खेळलास शंभर मिनिटं, इंज्युरी टाइम धरून फार तर दोनशे. दुसरा पोरगा खालच्या टीममध्ये फक्त ८ मॅच पूर्ण खेळला तर त्याची ७२० झाली. माझ्या मते एकूण आकड्यापेक्षाही सलग स्टार्ट जास्त बोलतात, सहा-सात मॅच लागोपाठ, एकाच पोझिशनला. कारण कोचला एक चांगला दिवस बघायचा नसतो, वाईट दिवसानंतरच्या शनिवारी तू काय करतोस ते बघायचं असतं.

अंधेरीला मुंबई सिटीची मॅच संपली की लगेच आझादनगर मेट्रोकडे पळू नका, दहा मिनिटं बसून राहा. स्टँड रिकामे होत असतात, खेळलेले प्लेअर टाळ्या वाजवून आत जातात, आणि जे खेळले नाहीत ते बिब (प्रॅक्टिसचं बनियन) घालून फिटनेस कोचच्या शिट्टीवर एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत धावायला लागतात. मॅचमध्ये पडला नाही तो लोड भरून काढायचा असतो म्हणून. पाय तयार राहतात त्याने, नाही असं नाही. पण मागून खांदा लावणारा स्टॉपर (मधला डिफेंडर), पहिला टच सुटल्यावर स्टँडमधून येणारी शिवी, ७५व्या मिनिटाला फुप्फुसं संपलेली असताना पास द्यायचा की फाउल काढायचा हे ठरवणं, हे त्या शिट्टीवरच्या धावण्यात कुठून येणार.

कोचला जाऊन सरळ विचारलं तर राग येईल का?

कसं विचारतोस त्यावर आहे. 'मला का खेळवत नाही' असं विचारलंस तर उत्तर गोड येईल आणि उपयोग शून्य. 'या पोझिशनला मी तुमच्या लिस्टमध्ये कितवा आहे आणि ट्रान्सफर विंडो (क्लब बदलायची मुदत) बंद व्हायच्या आधी त्यात काही बदलेल का' असं विचार. मॅचच्या दुसऱ्या दिवशी नको, मधल्या दिवशी, एकटा जा, पप्पांना घेऊन नको. तिसरा आहेस असं कळलं तर वाईट वाटून घेऊ नको, उलट तुझं काम सोपं झालं. आणि इन्स्टावर ते काळ्या बॅकग्राउंडवरचे कोट टाकायचे नाहीत, ड्रेसिंग रूममध्ये सगळे बघतात, असिस्टंट कोच तर आधी बघतो.

मी स्ट्रायकर आहे. आमच्या टीममध्ये फॉरेनर नऊ नंबर (मुख्य स्ट्रायकर) आहे. काय करू?

हा या पूर्ण पानावरचा सगळ्यात अवघड प्रश्न. आणि हा तुझ्या एकट्याचा नाही, देशाचा आहे.

२०१४ ला आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानात एका वेळी सहा फॉरेनर चालायचे, २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. आकडा कमी झाला ते चांगलंच, पण क्लबचा मालक ते चार कुठे लावणार? जिथे गोल होतात तिथे. मधला स्टॉपर, मधला मिडफिल्डर आणि समोरचा नऊ नंबर, मणका सगळा बाहेरचा. मग आपल्या पोरांना उरतात विंग आणि फुल बॅक, म्हणून आपल्याकडे विंगर बऱ्यापैकी तयार होतात आणि नऊ नंबर शोधायला कंदील घेऊन फिरावं लागतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

पुरावा हवा असेल तर सुनील छेत्री बघ. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध तो रिटायर झाला, स्टेडियम रडलं, आपण टीव्हीसमोर रडलो. आणि मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं, वय ४०, कारण लीगमध्ये भारतीयांमधले सगळ्यात जास्त गोल अजून त्याचेच होते. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने गोलपण केला. छेत्रीला सलाम, पण त्या दिवशी बाकीच्या स्ट्रायकरांनी काय समजायचं ते समजून घ्यायला हवं होतं. ही जागा रिकामी आहे. राइट बॅकला कदाचित चार जण लाइनीत असतील, नऊ नंबरला दर आठवड्याला ९० मिनिटं खेळणारा आणि वर्षाला आठ-दहा गोल करणारा भारतीय दिसला तर कोणताही नॅशनल कोच रिक्षा करून बघायला येईल.

म्हणून तुला माझं उत्तर सरळ आहे: जिथे फॉरेनर स्ट्रायकर नाही किंवा जिथे क्लबला परवडत नाही अशी टीम शोध, आयएसएलमध्ये तळाला असली तरी चालेल. साइन करायच्या आधी एकच गोष्ट विचार, विंडोत अजून फॉरेनर स्ट्रायकर आणणार आहात का. आणतो म्हणाले तर पैसे वाढवून देत असतील तरी विचार कर.

कोच बोलतो विंगरचा फुल बॅक हो. होऊ का?

मंदार राव देसाई आठवतो का? आपल्या शेजारच्या गोव्याचा, एफसी गोवामध्ये लेफ्ट विंगर होता. तिथला कोच लोबेराने त्याला लेफ्ट बॅक केला. सप्टेंबर २०१९ ला दोह्यात कतारविरुद्ध, म्हणजे तेव्हाच्या एशियन चॅम्पियनविरुद्ध, इंडियाने ०-० काढला आणि छेत्री नव्हता त्या मॅचला, तेव्हा लेफ्ट बॅक मंदार होता. वय २७. विंगर म्हणून अडून बसला असता तर ती मॅच त्याने घरी सोफ्यावर बघितली असती. नंतर तो लोबेराबरोबरच मुंबई सिटीत आला आणि २०२०-२१ ला आयएसएलची शील्ड (लीगमध्ये पहिला नंबर) आणि कप (फायनल) दोन्ही जिंकला.

फक्त एक काळजी घे. पोझिशन बदल म्हणजे दर आठवड्याला कुठेतरी भोक बुजवायला उभा करणं नव्हे. या शनिवारी राइट बॅक, पुढच्या शनिवारी होल्डिंग मिडफिल्डर, मग परत विंग, असा जो सगळीकडे चालतो तो क्लबला फार आवडतो आणि नॅशनल टीममध्ये नक्की कशासाठी घ्यायचा ते कोणालाच कळत नाही.

लोन म्हणजे नक्की काय असतं? क्लब मला काढून टाकतोय का?

नाही. तुझं कॉन्ट्रॅक्ट मूळ क्लबकडेच असतं, ठराविक काळासाठी दुसऱ्या क्लबकडून रजिस्टर होतोस. फीफाच्या नियमाप्रमाणे लोन लेखी हवं, एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त नाही, आणि लोनवर घेतलेल्या क्लबला तुला पुढे तिसरीकडे लोनवर देता येत नाही. एका सीझनमध्ये तीन क्लबकडे रजिस्टर होता येतं पण ऑफिशियल मॅच दोनच क्लबसाठी खेळता येतात. हे शेवटचं लक्षात ठेव, कारण पोरं ऑगस्टमध्ये घाईत एकीकडे दहा मिनिटं खेळतात आणि जानेवारीत हात बांधले जातात.

कागदावर सही करण्याआधी बघायचं: पगार कोण किती देणार, मधेच परत बोलवायचा हक्क मूळ क्लबला आहे का, दुखापत झाली तर उपचार कोणाच्या खिशातून. तोंडी 'बघून घेऊ' म्हणाले तर समज की तुलाच बघावं लागणार.

लोनने खरंच कोणाचं नशीब फिरलंय का?

फिरतं, पण पूर्ण फिरेलच असं नाही. जेसी लिंगार्ड जानेवारी २०२१ ला मँचेस्टर युनायटेडमधून वेस्ट हॅमला लोनवर गेला, लीगच्या १६ मॅचमध्ये ९ गोल, इंग्लंडचा कॉल-अप परत आला, युरोच्या प्राथमिक ३३ मध्येपण नाव आलं. आणि शेवटच्या २६ मध्ये नाही. त्यानंतर युनायटेडला परत आला आणि पुन्हा बसला. माझ्या मते त्याची चूक लोनमध्ये नव्हती, परत येण्यात होती.

जिरू वेगळा, तो लोनवर नाही, कायमचाच गेला. ३१ जानेवारी २०१८ ला आर्सेनल सोडून चेल्सीला गेला, कारण आर्सेनलने ओबामेयांग आणला होता आणि समोर वर्ल्ड कप होता. सहा महिन्यांनी फ्रान्स वर्ल्ड चॅम्पियन आणि नऊ नंबर जिरूच. गोल एकपण नाही स्पर्धेत, तरी जागा त्याचीच.

आपल्याकडचं बघायचं तर विंगर छांगटे जानेवारी २०२२ ला चेन्नईयनहून मुंबईत आला आणि पुढच्याच सीझनला, २०२२-२३ ला, आयएसएलचा गोल्डन बॉल (सर्वोत्तम प्लेअरचा) घेऊन गेला. पोरगा तोच, पाय तेच.

क्लब खेळवतही नाही आणि सोडतही नाही. कायदा काय म्हणतो?

फीफाच्या ट्रान्सफर नियमांत कलम १५ आहे, फार कमी लोकांना माहीत असतं. स्थिरावलेला प्रोफेशनल प्लेअर जर सीझनमधल्या क्लबच्या ऑफिशियल मॅचपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी मॅचमध्ये उतरला असेल तर तो 'खेळाशी संबंधित योग्य कारण' दाखवून कॉन्ट्रॅक्ट मुदतीआधी संपवू शकतो. पण खूश होऊ नको लगेच. एक, सीझनच्या शेवटच्या ऑफिशियल मॅचनंतर फक्त १५ दिवसांत हे करावं लागतं. दोन, बंदी येत नाही पण क्लबला भरपाई द्यावी लागू शकते. तीन, 'स्थिरावलेला' म्हणजे कोण यावर वाद होतो, १९ वर्षांच्या पोराने हा दावा केला तर अवघड आहे. वकील घे, एजंटच्या मित्राला विचारून हे करू नको. आणि बहुतेक वेळा एवढं ताणण्यापेक्षा समोरासमोर बसून राहिलेला पगार थोडा सोडून सुटका करून घेणं स्वस्त पडतं.

आय-लीगला (आयएसएलच्या खालची लीग) गेलो तर नॅशनल कोच बघेल तरी का?

खरं सांगू? इंडियाचा स्क्वाड बहुतेक सगळा आयएसएलमधून येतो. त्यामुळे आय-लीगकडे इंडियाचा थेट रस्ता म्हणून बघू नको, आयएसएलमध्ये स्टार्टर म्हणून परत यायचा रस्ता म्हणून बघ, मग ते बरोबर दिसतं. ऑगस्ट २०२५ ला इंडियाचा हेड कोच झालेला खालिद जमील स्वतः वर्षानुवर्षं मुंबई एफसीचा कोच होता आणि २०१६-१७ ला आयझॉलसारख्या छोट्या टीमला आय-लीग जिंकवून दिली होती त्याने. असा माणूस खालच्या लीगमधल्या प्लेअरला नाक मुरडेल असं वाटत नाही, पण त्याच्यापर्यंत नाव पोचायला आधी तिथे सीझन गाजवायला लागतो.

परदेशात ट्राय करू का?

दुसऱ्या-तिसऱ्या डिव्हिजनला खेळायला मिळत असेल तर बॅग भर. नुसतं एअरपोर्टवरचा फोटो टाकायला जात असशील तर राहू दे. छेत्री २०१० ला कॅन्सस सिटीला आणि २०१२ ला स्पोर्टिंग लिस्बनला गेला, दोन्हीकडे फारसं खेळायला मिळालं नाही, परत आला, आणि परत येऊन छेत्री झाला. डिफेंडर झिंगन २०२१ ला क्रोएशियाच्या शिबेनिकला गेला, दुखापतीने एकही मॅच न खेळता जानेवारीत परत.

मी गोलकीपर आहे, हे सगळं मलापण लागू होतं का?

तुझं दुखणं वेगळंच आहे, कारण पाच सब आले तरी कीपर कोणी ७०व्या मिनिटाला बदलत नाही. एकच जागा, ती गेली की सीझन गेला. ड्युरंड कप आणि सुपर कप या लीगबाहेरच्या स्पर्धांवर डोळा ठेव, तिथे कोच दुसऱ्या कीपरला उतरवतात. इंडियाचा कीपर गुरप्रीत २०१४ ला नॉर्वेच्या स्टाबेकला गेला, वाट बघितली, २०१६ ला युरोपा लीगच्या क्वालिफायरमध्ये खेळला, अशी मॅच खेळलेला पहिला भारतीय, आणि २०१७ ला बेंगळुरूला आला जिथे एक नंबर तोच होता. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे २३ च्या स्क्वाडमध्ये तीन कीपर घेतात.

वय २७-२८ झालं. संपलं का?

राहुल भेके. आपला मुंबईचा पोरगा. एअर इंडिया, मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, मग बेंगळुरू, कुठेही फुकटात जागा मिळाली नाही त्याला. २०१९ ची आयएसएल फायनल अंधेरीतच झाली, गोव्याविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये हेडर मारून त्याने कप जिंकवला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये किंग्ज कपला कुरासाओविरुद्ध इंडियासाठी पहिली मॅच. वय २८. वर मंदारची जी कतारची मॅच सांगितली ना, त्यात राइट बॅक हाच होता. पुढे मुंबई सिटीला आला आणि एप्रिल २०२२ ला एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्याच हेडरवर भारतीय क्लबने त्या स्पर्धेतली पहिली मॅच जिंकली.

डिफेंडर आणि कीपरला उशीर झालेला चालतो. विंगरला खरंच घाई आहे, स्पीड वाट बघत नाही.

कॉल-अप आला पण क्लब सोडत नाही म्हणतोय?

फीफाच्या इंटरनॅशनल विंडोत (देशांच्या मॅचसाठी राखून ठेवलेल्या दिवसांत) असेल तर सोडावंच लागतं, क्लबच्या मर्जीचा प्रश्न नाही. आतापर्यंत मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर अशा विंडो होत्या, २०२६ पासून सप्टेंबर-ऑक्टोबरची मिळून एक मोठी झालीय. विंडोच्या बाहेरचा कॅम्प असेल तर मात्र क्लब नाही म्हणू शकतो, आणि म्हणतात. २०२५ च्या काफा नेशन्स कपच्या (मध्य आशियातली स्पर्धा) वेळी असंच झालं, काही जणांना सोडलं नाही. तरी त्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून इंडिया तिसरी आली. एकाची अडवणूक म्हणजे दुसऱ्याची संधी, आणि बेंचवरच्या माणसाने नेमकं अशाच कॅम्पसाठी फिट राहायचं असतं.

आणि लीगच बंद असेल तर?

२०२५-२६ ला आपण सगळ्यांनी बघितलंय. फेडरेशनचा २०१० पासूनचा १५ वर्षांचा कमर्शियल करार डिसेंबरमध्ये संपणार होता, पुढचं कोणी ठरवलं नाही, आणि जी लीग सप्टेंबरला लागते ती फेब्रुवारीपर्यंत लटकली. मधे सुपर कप तेवढा झाला. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७ च्या एशियन कपचा रस्ता बंद. सगळा दोष लीगवर ढकलायचा नाहीये, पण प्लेअर मॅच न खेळता क्वालिफायर खेळायला जाणार तर दुसरं काय होणार. अशा वेळी मुंबईच्या लोकल लीगमध्ये, कूपरेजच्या टर्फवर, जिथे क्लब आणि रजिस्ट्रेशन परवानगी देतील तिथे मॅच खेळ, ऑफिस टीमविरुद्ध असली तरी.

परदेशात जन्मलेले भारतीय आता येतायत, आमची जागा जाणार का?

ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) इंडिया खेळता येत नाही, भारतीय पासपोर्टच लागतो. ऑस्ट्रेलियात वाढलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये तिकडचं नागरिकत्व सोडून इकडचं घेतलं. असे किती जण येणार? आलेच तर त्यांच्याशी स्पर्धा कर, आणखी काय.

एजंट आणि व्हिडिओचं काय?

ऑक्टोबर २०२३ पासून एजंटकडे फीफाचं लायसन्स लागतं, नाव फीफाच्या लिस्टमध्ये शोध, नाही सापडलं तर चहा पाजून पाठवून दे. आधी पैसे भरा मग ट्रायल म्हणणाऱ्याला चहापण नको.

व्हिडिओमध्ये नुसते गोल आणि ड्रिबल नको. स्काउटला दोन पूर्ण मॅचची लिंक दे, एक चांगली आणि एक जिथे टीम हरलीय, आणि वर लिही कितव्या नंबरची जर्सी आणि कोणत्या पोझिशनला. तीन मिनिटांची हायलाइट वेगळी जोड हवं तर, सुरुवातीलाच तुझ्याभोवती वर्तुळ दाखव म्हणजे शोधत बसावं लागणार नाही. आणि मागचं ते रॅप म्युट कर, बहुतेक जण ऑफिसमध्ये बसून बघतात.